लाइनवाल्या मंदाताई

मंदाताई घरात आल्या की आधी चहा मागायच्या आणि चहा संपेपर्यंत नेटच्या बॉक्सला हात लावायच्या नाहीत. चहा बशीत ओतायचा, फुंकर घालायची आणि बॉक्सवरच्या दिव्यांकडे बघत बसायचं. घरातलं माणूस घाईने सांगायला लागायचं, कालपासून बंद आहे, पोरांनी काहीतरी दाबलं. त्या मान न वळवता म्हणायच्या, "थांबा वो. आधी दिव्यांचं ऐकते, मग तुमचं. दिव्यांना कुनाची भीड न्हाई."

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये आणि आजूबाजूच्या मळ्यांत निम्म्या घरांत त्यांची लाइन होती. आधी त्यांचे मालक केबलचं काम करायचे. ते वारल्यावर मंदाताईंनी शिडी उचलली. नऊवारीचा काष्टा, पायात कापडी बूट, खांद्याला वायरचं भेंडोळं. पहिल्यांदा त्या खांबावर चढल्या तेव्हा पारावरची माणसं हसली होती म्हणे. त्या वरूनच बोलल्या, "खांबाला काय म्हाईत, बाई चढली का बाप्या?"

त्यांच्याकडे एक लांबट वही असायची. कुणाच्या घरी काय बिघडलं होतं ते त्यात लिहायच्या. उसाच्या ट्रॉलीने रस्त्यावरची वायर तोडली, बॉक्सवर विणलेला रुमाल झाकल्याने तो तापला, असं सगळं. एका घरी खंडेनवमीला विळा-कोयत्याबरोबर बॉक्सचीही पूजा झाली होती. आधी ओल्या फडक्याने पुसून घेतला, मग हळदीकुंकू वाहिलं, आणि ते कुंकू वायर बसते त्या भोकात गेलं. मंदाताई टाचणीने ते कोरून काढत म्हणाल्या, "नमस्कार लांबून करा. देवाला चालतं, याला न्हाई चालत." आणि वहीत लिहिलं, 'कुंकू'. त्यांचा नेम होता, वहीत खोटं लिहायचं नाही. "फॉल्ट लपवला की त्यो दुसऱ्या वाटंनं येतो," म्हणायच्या.

आमच्याकडे नेट आलं ते बिबट्यामुळे. शेजारच्या मळ्यातलं वासरू नेलं, तेव्हा आमच्या ह्यांनी कॅमेरे आणायचं ठरवलं. हे चाकणला कंपनीत आहेत, तिकडेच खोली आहे, शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटे जातात. मुलगी लग्न होऊन नारायणगावला गेली, मुलगा पुण्यात शिकतो. घरी मी एकटी. कॅमेरे दोन आले. एक ह्यांनी ओसरीवर लावला, तिथून गोठाही दिसतो. दुसरा स्वयंपाकघरात. दोन्हींची मिळून एकच वायर भिंतीवरून येऊन बॉक्सात बसायची.

कॅमेऱ्यातून बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी भाकरी थापत होते आणि भिंतीतून ह्यांचा आवाज आला, "दूध उतू चाललंय." माझ्या हातातली भाकरी खाली पडली. मागून चारसहा माणसं हसली. जेवणाच्या सुट्टीत हे मोबाइल सगळ्यांच्या मधोमध ठेवून बघत असणार.

मग रोजच झालं. "पदर जळंल." "कुणाशी बोलतीस?" "मागच्या दारी कशाला चाललीस?" हे रागाने बोलायचे नाहीत. हसूनच बोलायचे. रागाने बोलले असते तर मला कुणाला सांगता तरी आलं असतं. एकदा नणंदेला सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढी काळजी करतोय, तुला टोचतंय होय गं?" त्यानंतर मी कुणाला बोलले नाही. जेवताना पाठ वळवून बसायला लागले. दंडावर खाजवायचं तरी आधी वर बघायचे.

दुपारी दोनला ह्यांची सुट्टी असते. एक दिवस दोनला पाच कमी असताना मी ती वायर बॉक्समधून ओढली. मागच्या दारी शेवग्याखाली जाऊन बसले. काही केलं नाही. कुणी आलं नाही. नुसती बसले. तीन वाजता वायर परत बसवली. फोन आला तेव्हा म्हटलं, नेट गेलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. असं दीड महिना चाललं असेल. एवढ्या वर्षांत मी नवऱ्याशी खोटं बोलले नव्हते, आणि आता रोज एकदा बोलत होते.

ह्यांनी मंदाताईंना फोन केला. "रोज दोनला जातंय आन तीनला येतंय. असला कसला फॉल्ट?"

त्या मंगळवारी सकाळी आल्या. चहा मागितला. मी कप ठेवला. त्या दिवे बघत होत्या. मग उठल्या, बॉक्स बंद करून चालू केला, मागच्या वायरी एकेक चाचपल्या. कॅमेऱ्यांची वायर बाहेर काढून तिचं टोक खिडकीशी धरलं. त्या टोकाला प्लास्टिकची बारीक जीभ असते, ती टक् करून अडकते. ती तुटली होती. मंदाताईंनी तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"ही एकदा बसवली की वर्स वर्स कोन काढत न्हाई, वैनी," त्या हळू बोलल्या. "ही रोज निघतीया."

वायर त्यांच्या हातात होती, म्हणजे भिंतीवरचा कॅमेरा आंधळा होता. तरी मी आधी त्याच्याकडेच बघितलं. मंदाताईंनी ते बघितलं.

तेवढ्यात मंदाताईंना ह्यांचा फोन आला. त्यांचा मोबाइल जुना, आवाज सगळ्या घराला ऐकू जायचा. "सापडला का फॉल्ट?"

"सापडला."

"काय व्हता?"

मी चुलीपाशी उभी होते. पदराचं टोक दातात धरलं होतं.

"असा फोनवर सांगायजोगा न्हाई, भाऊ. रयवारी तुमी घरी असता, तवा येते." आणि फोन ठेवला. पिशवीतला चिमटा घेऊन वायरला नवीन टोक बसवलं, टक् करून अडकवलं. वहीत आमचं नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि पुढची जागा कोरी सोडली. जाताना एवढंच म्हणाल्या, "आता ती खेचू नगा. खेचलीच तर जीभ दाबून काढा."

मंगळवार ते रविवार कसे गेले ते मला लिहिता येणार नाही. त्या सांगणार हे मी धरूनच चालले होते. खोटं न लिहिणारी बाई ती. बुधवारी दोनला मी बॉक्सपाशी गेले आणि मागे फिरले. "आज नेट गेलं न्हाई वाटतं," भिंत म्हणाली. मी कणीक मळत राहिले. ह्यांना कळलं तर काय करतील याचा विचार केला. मारणार नाहीत. हसतील, कंपनीत सांगतील, आणि मागच्या दारी तिसरा कॅमेरा लावतील. मला त्याचीच भीती होती.

रविवारी त्या शिडी घेऊनच आल्या. ह्यांनी खुर्ची दिली. मी आतल्या दाराआड उभी राहिले.

"बोला मंदाताई, कुठं व्हता फॉल्ट?"

"जागेचा हाय. एक डोळा चुलीकडं लावलाय तुमी. बिबट्या काय भाकरी खायला येतोय व्हय?"

हे हसले. "घरात लक्ष नको?"

"घरात मानूस हाय की. मानसावर लक्ष ठेवायला लाइन दिली न्हवती मी. शिडी आनलीया. म्हनत असाल तर आत्ता काढून गोठ्यात लावते."

ह्यांचं हसू गेलं. "माझ्या घरात काय कुठं लावायचं ते मी बघीन. दोनला नेट का जातं, तेवढं सांगा."

मी दाराची कडी घट्ट धरली.

"वायरीचं टोक तुटलं व्हतं. म्या बदललं," मंदाताई म्हणाल्या. "टोक कशानं तुटलं ते तुमी सवताला इचारा, भाऊ. मला इचारू नगा. आन ह्यो डोळा हितंच ऱ्हानार असंल तर माझी लाइन ह्या घरात नको."

"नको तर नको. मंचरला लाइनवाल्यांचा काय दुष्काळ न्हाई."

"न्हाईच," त्या म्हणाल्या, आणि उठून बॉक्स काढायला लागल्या. बॉक्स त्यांचाच होता. हे ओसरीवर जाऊन दुसऱ्या माणसाला फोन लावत बसले. तो गुरुवारी येतो म्हणाला.

वायर गुंडाळताना मंदाताई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, धीर देतील. त्या तशा नव्हत्या. म्हणाल्या, "माझ्या लाइनीपुरतं मी बोलले. घर तुमचं हाय. तितलं मला बोलता यायचं न्हाई, वैनी. आन वायर खेचून किती दिस काढताल? नवीन डोळं बिनवायरीचं येत्यात आता." शिडी खांद्यावर घेऊन त्या गेल्या. त्यानंतर त्या आमच्या घरी आल्या नाहीत. चार महिन्यांनी छातीत कळ येऊन त्या वारल्या, तेही मला शेजारणीकडून कळलं.

सोमवार ते बुधवार बॉक्स नव्हता, म्हणून डोळाही बंद होता. सोमवारी मला बसवेना. कुणी बोलत नव्हतं तरी आवाज आल्यासारखा वाटायचा. मंगळवारी स्वयंपाकघरातच न्हाल्या केसांचा गुंता काढला. बुधवारी पाय पसरून जेवले, आणि जेवताजेवता रडू आलं. उद्या माणूस येणार हे डोक्यातून जात नव्हतं.

गुरुवारी नवीन लाइनवाला आला. खरंच बिनवायरीचे कॅमेरे होते, डबीएवढे. जुने दोन्ही त्याने आधी उतरवले. ह्यांना स्पीकरवर फोन लावून त्याने विचारलं, "एक ओसरीवर. दुसरा कुठं, साहेब?"

"आत, चुलीसमोर. जुनी भोकं हायेत बघ."

त्याने स्टूल सरकवलं आणि वर चढला. मी परक्या माणसाशी बोलत नाही. दुकानातही वस्तूकडे बोट दाखवते. त्या दिवशी मात्र तोंडातून निघालं, "चुलीसमोर नको. गोठ्यात लावा."

तो थांबला. फोन चालूच होता. "साहेब, वैनी नको म्हणत्यात."

फोनमध्ये कंपनीचा घरघर आवाज येत होता. मी परत म्हटलं, या वेळी फोनकडे तोंड करून, "मी रोज दोनला वायर काढत होते. मला तिथं कॅमेरा नको."

त्या बिचाऱ्याला स्टुलावरून उतरावं की नाही ते कळेना. मग हे म्हणाले, "गोठ्यात लाव. आल्यावर बघतो."

शनिवारी हे आले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्याबद्दल अजून एक शब्द झालेला नाही. ओसरीवरचा कॅमेरा आहेच. दाराबाहेर पाऊल टाकलं की विचारतो, कुठं चाललीस, आणि मी सांगते. स्वयंपाकघराच्या भिंतीला चार भोकं राहिली होती. दोन मी मातीने बुजवली. उरलेल्या दोहोंत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या. एकीला चाळण अडकवते, एकीला झारा.