उलटी वाचलेली कादंबरी

कल्पना करा, एक जाडजूड कादंबरी तुम्हाला शेवटच्या ओळीपासून उलटी वाचायची आहे, म्हणजे गोष्टीत न गुंतता फक्त चुका दिसतील. मुद्रितं तपासणारी मावशी आयुष्यभर असंच वाचत आली. भाचीच्या कादंबरीचे दोन्ही भाग तिने असेच तपासले.

पहिल्या भागात शहराखालच्या सावल्यांपासून मुलांना लपवणारी, चष्मा कपाळावर विसरणारी शिवणकामवाली होती. ‘ती तूच,’ असं भाचीने सांगितल्यापासून मावशीचे पाय जमिनीवर नव्हते.

दुसरा भाग छापून आला, तेव्हा तिने तो हौसेने सुलटा वाचला. त्यात शिवणकामवालीनेच झोपलेल्या मुलांची दारं सावल्यांना उघडून दिली होती. त्या पानांवरच्या काना-मात्राही मावशीनेच दुरुस्त केल्या होत्या.

तिने फोन लावला. “दगा द्यायला मीच सापडले का गं?”

“अगं, गोष्ट आहे ती! दुसऱ्या भागात वाचकाला धक्का द्यावाच लागतो. आणि तूच तर तपासलंस. काही बोलली नाहीस, म्हणून वाटलं, तुला चालतंय.”

“मला अक्षरं दिसत होती, बाई. मी नाही दिसले.”

भाची हसली. मावशी हसली नाही.

“एवढंच सांग. लहानपणी माझ्या कुशीत झोपायचीस, तेव्हा तुला माझी भीती वाटायची का?”