वसुधाच्या आतड्यांचा कारभार

माझ्या बायकोच्या आतड्यांचा कारभार गेल्या वर्षी मी हाती घेतला. तिनं दिला नव्हता, मीच घेतला. (निवृत्त माणसाला कुठलं तरी खातं लागतंच!)

वसुधाला पार्किन्सन्स आहे. उजवा हात थरथरतो, चाल मंदावली आहे. जीभ मात्र पूर्वीइतकीच चपळ आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोट साफ होतं का?"

मी चाट पडलो. आजार मेंदूचा आणि चौकशी पोटाची! तेव्हा त्यांनी समजावलं, की काहींना कंप सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून बद्धकोष्ठ असतं. आतड्यातले जिवाणू बिघडतात, तिथे दाह होतो आणि त्याचा मेंदूशी संबंध असावा, असं संशोधकांना वाटतं. नक्की काय, ते अजून शोधताहेत.

"ह्यांच्यासमोर नका हो सांगू," वसुधा म्हणाली. "घरात प्रयोगशाळा निघेल."

"भाज्या, फळं, पाणी आणि रोजचं चालणं, एवढं पुरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि गोळी घेताना..." पुढे त्या बरंच काही बोलल्या. मी तोवर मनानं मार्केट यार्डात पोचून बीट-गाजरं निवडत होतो.

आठवड्याभरात नारायण पेठेतलं आमचं स्वयंपाकघर आंबायला लागलं. दही, ताक, आंबील, आणि मोबाइलवर बघून केलेली बीट-गाजराची कांजी!

"अहो, ह्या बाटलीत काय मेलंय?"

"मेलंय काय? जिवंत आहेत! चांगले जिवाणू आहेत ते!"

"माणसं दोन आणि जिवाणू कोटीभर. फ्लॅट त्यांच्याच नावावर करून टाका."

अशात आमच्या पुतणीचं, मुक्ताचं लग्न ठरलं. ही मुक्ता शाळा सुटली की स्वतःच्या घरी न जाता वसुधाकडे यायची. त्यामुळे केळवण आमच्याकडेच! वसुधानं मला बजावलं, "ताटाभोवतीची रांगोळी मी काढणार. शेजारणीला बोलवायचं नाही आणि ते जाळीचे छापही आणायचे नाहीत." मग म्हणाली, "पुढच्या वर्षी हात कसा असेल, कुणी सांगावं?"

गोळी घेतल्यावर काही वेळ तिचा हात बराच स्थिर राहतो. त्या वेळेत रांगोळी उरकायची, असं तिनं ठरवलं होतं.

केळवणाच्या सकाळी मी तिच्या हातात गोळी ठेवली. शुभकार्य म्हणून तळहातावर दही-साखर घातली. मग चमचाभर दह्यानं काय होणार, म्हणून वाटीभर दही! त्यावर मोडाच्या मटकीची उसळ आणि उसळीत पनीर!

"अहो, गोळीबरोबर एवढं?"

"अगं, सगळं शेवटी पोटातच जायचंय ना?"

तासाभरानं वसुधा टेबलाशी बसली. चिमटीत रांगोळी धरली. हात थरथरला. रेघेच्या जागी भुकटीचा ढीग पडला. पुसलं, पुन्हा धरली, पुन्हा ढीग.

"आज गोळी लागूच पडत नाहीये हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अशा वेळी शहाणा माणूस स्वस्थ बसतो. मी कांजीची बाटली आणली! ती मी बरेच दिवस घट्ट बंद करून उन्हात ठेवली होती. झाकण जरा फिरवलं मात्र, फट्ट! लालभडक कांजी छतावर, टेबलावर, माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर! तेवढ्यात दारातून मुक्ता आत आली.

"काका! खून कुणाचा झाला?"

"अजून नाही झाला," वसुधा म्हणाली. "ये, बस."

गोळीची हकीकत ऐकून मुक्तानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "गोळीबरोबर काय खाल्लं?" मी अभिमानानं सगळं सांगितलं.

"अहो काका, एवढी प्रथिनं बरोबर गेली तर गोळी अंगी कशी लागणार? मी सांगितलं होतं ना, जेवणाच्या आधी, नुसत्या पाण्याबरोबर! आता जास्तीची देऊ नका. पुढच्या गोळीच्या वेळेपर्यंत थांबा."

"थांबू या. मला मुळीच भूक नाही," मुक्ता म्हणाली. (तिच्या पोटातली गुरगुर मला समोरच्या खुर्चीत ऐकू येत होती.) ती कमरेला ओढणी खोचून छत पुसायला लागली. नवरीमुलगी स्वतःच्या केळवणाला छत पुसतेय!

पुढची गोळी नुसत्या पाण्याबरोबर दिली. हळूहळू वसुधाचा हात स्थिरावला. तिनं ताटाभोवती वेल काढली, वेलीवर फुलं काढली, खाली मुक्ताचं नाव लिहिलं. मी श्वास रोखून बघत होतो. त्या गोळीचे, डॉक्टरीणबाईंचे, उपाशी बसलेल्या पोरीचे कसे आभार मानावेत, मला कळेना. चार वाजता आम्ही जेवलो. इतकं गोड जेवण मी जन्मात जेवलो नव्हतो.

जेवण झाल्यावर वसुधा मुक्ताच्या आधारानं स्वयंपाकघराच्या दाराशी वाकली आणि उरलेल्या रांगोळीची एक रेघ तिनं उंबऱ्याला लागून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली.

"अहो, ही रेघ ओलांडून आत यायचं नाही. कळलं?"

काय सरळ रेघ होती! कुठे थरथर नाही, कुठे तुटलेली नाही. माझे डोळे भरून आले. ह्या रेघेचा फोटो काढून डॉक्टरीणबाईंना पाठवायलाच हवा, म्हणून मी तसाच धावत जाऊन ओट्यावरचा मोबाइल घेऊन आलो.

फोटो छान आलाय. रेघ अर्धीच आहे. उरलेल्या अर्ध्या भागावर माझं पाऊल उमटलंय.