तात्यांची तांब्याची वाटी

चार दोस्त बसले की आधी कापसाचा भाव निघतो, मग तात्यांचा किस्सा. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली अन् इकडं अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला! रुई गेली मुंबईला; हे किस्से मात्र सरकीसारखे आमच्याकडेच साचले.

तात्या रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर. नाद एकच: रानात जुन्या दगडांचं रिंगण दिसलं की खोदायचं. त्याखाली पुरलेली माणसं हजारो वर्षांपूर्वीच कापड विणत होती, याचा त्यांना पुरावा हवा होता. मी त्यांचा कारकून, म्हणजे छत्री धरणारा!

*

नांदगाव खंडेश्वरला पाटलांनी विचारलं, "काय निंघालं?"

"खापरं."

"अन् त्याच्यासाठी एवढं खोदलं? आमच्या घरी या, पायजे तितके मडके फोडून देतो!"

*

एका खापराच्या बुडाला टोपलीच्या विणीचा ठसा निघाला. तशीच वीण तात्यांना अंजनगावच्या बाजारात एका माळणीच्या टोपलीत दिसली. लगेच म्हणाले, "टोपली दे."

"वांगे घ्या ना, टोपली काहून?"

तात्यांनी टोपली घेतली, वांगी तिथंच ओतली. घरी काकूंनी टोपलीत डोकावून विचारलं, "अवो, भाजी कुठी हाये?"

*

कापूस वेचायचे दिवस आले अन् आमचे खोदणारे मजूर तिकडं पळाले. काही दिवसांनी जाऊन पाहतो तर रिंगणच गायब! ठेकेदारानं दगड अकोल्याच्या कापूस-गोदामाच्या पायव्यात घातले होते. वर म्हणतो, "तात्या, आयते गोल मांडून ठेवले होते, शोधाचीबी मेहनत नाई पडली!"

त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

*

पुढचा किस्सा सांगू नये असं दरवेळी वाटतं. अजून जीव हळहळतो.

एकच रिंगण उरलं होतं, अन् ठेकेदाराच्या गाड्या तिथंही येणार होत्या. थांबवू शकत होते फक्त मोठे साहेब. ते म्हणत, "पुरावा दाखवा."

अन् तिथंच तांब्याची वाटी निघाली! वर हिरवा गंज, अन् गंजात कापडाची वीण उमटलेली. उभा धागा, आडवा धागा, सगळं स्वच्छ दिसत होतं. तात्या लेकरासारखे रडले. "आता त्या दगडायले कोन हात लावते, पायतो मी!"

साहेब घरी यायला कबूल झाले. वाटी देवळीत ठेवून तात्या अन् मी त्यांना आणायला गेलो. जन्मभर खापरांवर कुरकुरणाऱ्या काकूंना त्या दिवशी नवऱ्याचा अभिमान वाटला. साहेबासमोर मळकी वाटी कशी ठेवायची? चिंच अन् राख घेऊन बसल्या.

साहेबांनी वाटी उन्हात धरली. लख्ख! "छान आहे. नवी घेतली?"

तात्यांनी वाटीकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या काकूंकडे. बोटांना अजून राख होती, अन् चेहरा असा खुलला होता!

"हो साहेब," तात्या म्हणाले, "घरचीच आहे."