पंगतीतला उपडा द्रोण

माझा धाकटा भाऊ दारूने गेला आणि एटापल्लीजवळच्या आमच्या गावात त्याच्या तेरवीला मोहाची दारूच वाटली गेली. तशी रीत आहे. पूर्वजांच्या नावाने चार थेंब जमिनीवर सांडायचे, मग प्यायचं.

समोर एक मला अनोळखी, रुंद पंजांचा माणूस बसला होता. भावासोबत धानाच्या रोवण्याला जायचा, एवढंच कळलं. त्याने द्रोण कपाळाला लावला, पूर्वजांच्या नावाने अख्खाच ओतला आणि उपडा ठेवला.

वाढणारा हसला. "वा गा भाऊ! पोळ्याले त पिऊन नालीत पडला होतास. आता साधू झाला का?"

"पडलो होतो. त्याच्या आंधीही पडलो," तो म्हणाला. "रोवण्यात पाय घसरला त धानाची बांधी सोडून घरी जातो का तू? उठून पुढचं रोप लावतोस ना?"

वाढणाऱ्याने द्रोण पुन्हा भरला. त्या माणसाने पुन्हा जमिनीवर ओतला. या वेळी उपड्या द्रोणावर त्याने पंजा दाबून ठेवला.

माझ्या भावानेही अनेकदा सोडली होती. घसरला की गाव म्हणायचं, झालं, पुन्हा पहिल्यासारखा. मधले कोरडे महिने कुणीच धरले नाहीत, त्यानेही नाही.

"प्याची नाई त पंगतीत काऊन बसला? जाय ना घरी," वाढणारा चिडला.

"काऊन जाऊ? माया दोस्त मेला. जेवूनच जाईन. भात आन इकडे."

वाढणारा हलला नाही. भात मी आणला.