हिराला मशीननं नाही मारलं

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "बाबा, हिच्या किडन्या निकामी झाल्यात. डायलिसिस लागेल." म्हणजे मशीन रक्त बाहेर घेते, धुते, परत अंगात सोडते. माझी बायको हिरा शेजारीच बसलेली. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. ती उठलीच. "मना मशीन नको. चला घरा."

पडघ्याजवळच्या आमच्या गावात हे सगळ्यांना पाठ होतं की मशीनवर गेलेला माणूस जगत नाही. माझा चुलतभाऊ धर्मा गेलेल्यांची नावं बोटावर मोजून दाखवायचा. हिरा झाडपाल्याचं औषध घेत बसली. शेवटी आडवं झालं की श्वास अडकायला लागला, तेव्हा टेम्पोत घालून भिवंडीला आणली. तिसऱ्या डायलिसिसला तिचं हृदय बंद पडलं.

तिथं डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर एक लूमवाला, यंत्रमागावरचा कामगार, भेटायचा. कित्येक वर्षं मशीनवर. म्हणायचा, "चाचा, यहाँ से उठा तो सीधा ड्युटी पे." असे लोक धर्माच्या बोटावर नसतात. जगणारा कामावर जातो, त्याची गावात चर्चा होत नाही.

हिरा गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंवर ओरडायलाच गेलो. त्यांनी ओरडू दिलं. मग म्हणाल्या, "मशीनवर आम्ही कुणाला घेतो? जो आधीच जास्त आजारी त्याला. मग मरण मशीनमुळे की आजारामुळे? तितकेच आजारी, पण मशीन न घेतलेले, त्यांच्याशी ताडून बघायला हवं."

डॉक्टरीणबाई जुन्या पेशंटांच्या नोंदींवरून तेच शोधत होत्या. पद्धतीचं नाव बायेशियन. मला कळलं ते इतकं: आधी जे वाटतं ते मांडायचं, त्यावर भरवसा किती तेही सांगायचं, आणि पेशंट बघत जाऊ तसा तो भरवसा कमीजास्त करायचा. खात्री मिळत नाही, शक्यता मिळते.

मी विचारलं, लवकर आणली असती तर वाचली असती का? "नक्की सांगता येत नाही. पण शक्यता जास्त होती." मला हो किंवा नाही पाहिजे होतं. त्याचाही राग आला. पण खोटं न बोललेल्या त्या एकट्याच.

दहाव्याला धर्मा चारचौघांत म्हणाला, "बघा, हिरावयनी पन मशीननंच गेली."

मी म्हणालो, "तिला तुझ्या बोटावरनं उतरव. तुझं ऐकून ती घरी बसली, ते मोज."

तो अजून माझ्याशी बोलत नाही. बरं आहे.

आता हिराच्या धाकट्या बहिणीचे, कमळचे, पाय सुजतात. किडनीचंच निघालं. ती म्हणाली, "दाजी, ताई गेली तशी मी पन जाईन." मी म्हणालो, ताई उशिरा गेली, तू लवकर चल. डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात फिस्टुला केला, म्हणजे सुई लावायला दोन नसा जोडल्या. त्यांचे उपकार मानतो, त्यांनी मला विचार करायला लावलं. तुमच्या घरात कुणाला डायलिसिस सांगितलं असेल तर गावाला विचारू नका, मशीनवर जगणाऱ्याला शोधा.

कमळचं काय होईल मला ठाऊक नाही. उद्या ती गेली तरी धर्मा, मशीननं मारली म्हणायला माझ्या दारात पाय ठेवू नको.