गाडीची जागा

"जरा आडवी होऊन दाखव ना," मॅडम म्हणाल्या. "कामवाल्या बाईचे पाय पुरतायत का, चेक करू."

बंगळुरात कोरमंगल्यातला जुना बंगला पाडून झाला होता. फरशी तेवढी उरली होती. तिच्यावर मॅडमच्या नव्या घराच्या खोल्या मीच सकाळी खडूनं आखल्या होत्या. नकाशे काढणं हे माझं काम. आमचे आर्किटेक्ट इथल्याच जुन्या मराठी घरातले, मी त्यांना अण्णा म्हणते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "स्वल्प झोप की. दोन मिनिटांचं काम."

मी झोपले. मजुरांसमोर, ड्रायव्हरसमोर. डोकं कामवालीच्या खोलीच्या एका रेघेला, टाचा दुसऱ्या रेघेला.

"बसतेय की," मॅडम हसल्या. "अंथरूण पाहून पाय पसरायचे." मॅडम पुण्याच्या. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून "अगं, तू तर आपलीच" म्हणाल्या होत्या.

पडल्या पडल्या मी मान वळवली. शेजारी तीन गाड्यांच्या जागा. एकेक अडीच मीटर रुंद, साडेपाच मीटर लांब. घर केवढं, त्यावर गाड्यांना किती जागा सोडायची ते नियमात ठरलेलं. मला हेवा वाटला. मॅडमचा तर होताच, पण त्या क्षणी गाडीचा जास्त. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. नुसती जळत होते.

मी आणि आई येलहंक्यात भाड्याच्या एका खोलीत राहतो. मागच्या वर्षी तिथंच एक छोटा फ्लॅट बघितला. बँक जेवढं कर्ज देत होती त्यात नुसता फ्लॅट बसत होता, पण किमतीत पार्किंगही धरलं होतं. आमच्याकडे सायकलसुद्धा नाही. पार्किंग वगळून द्या म्हटलं, तर विकणारा म्हणाला, "नियम आहे, अक्का. जागा सोडावीच लागते. तिचा खर्च सगळ्यांवर पडतो." फ्लॅट हातचा गेला. परतताना बसमध्ये आई म्हणाली, "नुसतं पार्किंग दिलं असतं तरी मी तिथं चूल मांडली असती."

दुपारी ऑफिसात अण्णा म्हणाले, "त्या खोलीत 'स्टोअर' लिही. राहायची खोली म्हणून एवढीशी पास होत नाही."

बारा वर्षं मी हेच लिहीत आले होते. किती घरांत, आठवतही नाही. गाडीची जागा मात्र कधी बोटभर कमी काढली नाही. माझ्या कपड्यांवर अजून त्या फरशीची धूळ होती. मी लिहिलं, 'कामवालीची झोपायची खोली'. खाली खरी मापं.

अण्णांनी स्क्रीनवर बघितलं. "हे पास होणार नाही."

"माहीत आहे."

"उद्या तुझ्या जागी दुसरी बसेल."

"बसू दे, अण्णा. तिलाही आधी त्या रेघांत मोजून घ्या."

नोकरी गेली की बँक पुन्हा दारात उभं करणार नाही, हे कळत होतं. तरी उठले. पर्स घेतली आणि निघाले.

आई म्हणते, दुसऱ्याच्या सुखावर जळू नये. मी जळणार. याच जळण्यानं मला जागं केलंय. जिथं माणूस झोपणार, तिथं मी पुन्हा 'स्टोअर' लिहिणार नाही. आणि माझ्या आईपेक्षा गाडीला जास्त जागा देणारा नियम निमूट मानणार नाही. मग कुणी जळकी म्हणो. आहेच मी.