मेढ नसलेली खोप

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. बाबांच्या खाटेखाली गठ्ठे असायचे, जमीन संपादनाविरुद्धच्या पत्रकांचे. उरलेल्या प्रतींच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजू वाचत मोठी झाले. अजूनही मी काही ठरवायला बसले की आधी 'नाही' लिहिते. वास्तुरचना शिकून ऐरोलीच्या एका ऑफिसात लागले आणि सुट्टीच्या दिवशी घरी हवेनं फुगणारी, गोणीत मावणारी घरं करून बघू लागले, तेव्हाही टेबलासमोर आधी माझं स्वतःचं पत्रक लिहून चिकटवलं. खड्डा नाही. खिळा नाही. नवं प्लॅस्टिक नाही. घर उचललं की जमिनीवर ओरखडाही नाही.

आम्ही द्रोणागिरीत राहतो. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच असते. आमच्या गॅलरीतून गोदामांच्या पांढऱ्या पत्र्यांमधून खाडीकाठच्या खाजण जमिनीचा एक तुकडा दिसायचा. तिथं आमची भातशेती होती. पीक राखायला बांधावर दरवर्षी खोप उभी राहायची, चार मेढी, म्हणजे लाकडी खांब, आणि वर पेंढा. भात घरी आलं की खोप मोडायची आणि पुढच्या वर्षी त्याच चार खड्ड्यांत पुन्हा मेढी रोवायच्या. आत्या लग्नाआधी त्या खोपीत राखणीला बसायची. नवरा गेल्यावर माहेरी आली तेव्हाही तिथंच बसायची. मग जमीन गेली. त्या तुकड्यावर भराव मात्र पडला नव्हता. आजूबाजूला डंपर फिरू लागले, तसा आत्यानं एकच धोशा लावला.

"भराव पडायच्या आत मना एकदा तयं बसायचा हाय. सावलीत."

"छत्री घेऊन जा ना, वन्सं," आई म्हणाली.

"छत्रीखाली मानूस उबा रहतो गो. मना बसायचा हाय."

तिथं सावलीपुरतंही झाड नव्हतं आणि काही बांधायला बंदी होती. माझ्या फुगणाऱ्या घरासाठी याहून योग्य जागा कुठली असणार? मी आत्याला शब्द दिला.

साहित्य रस्त्यावरच्या खांबांना लटकत होतं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स. ते उतरवणाऱ्यांकडून मी मागून आणायचे, हॉलमध्ये पसरायचे आणि हीटगननं कडा वितळवून जोडायचे. जळक्या वासानं आईचं डोकं दुखायचं. पहिली कमान पायपंपानं भरली तेव्हा ती छताला टेकली आणि मग जोडातून शिट्टी वाजवत सोफ्यावर आडवी झाली.

"पडला बग तुजा फुडारी," आत्या म्हणाली.

चेहरे बाहेरच्या बाजूला ठेवायचे, ही तिची अट. "आत मना ही तोंडा नकोत. भायेर राहूनशी ऊन खाऊ दे त्यांना." खिळा ठोकायचा नव्हता, म्हणून वाऱ्यासाठी मी कडेनं लांब पिशव्या लावल्या. त्यांत खाडीचंच पाणी भरायचं, निघताना खाडीलाच परत द्यायचं. या कल्पनेवर मी फार खूश होते.

थंडीतली एक सकाळ बघून आम्ही दोघी रिक्षानं गेलो. पायाशी गोणी, आत्याच्या मांडीवर भाकरी आणि सुकटीचा डबा. गोदामाचा वॉचमन आडवा आला.

"ओ ताई, इथं बांधकाम करायचं नाही."

"बांधकाम कुठं हाय बाबा? हवा हाय ती," आत्या म्हणाली. "तू पन भर थोडी. अंग गरम होईल."

तो हसला आणि खरंच पंपावर दहा-पंधरा पाय मारून गेला. कमानी एकेक करून उठल्या. वाऱ्यानं घर थरथरलं, पण पाण्यानं भरलेल्या पिशव्यांनी धरून ठेवलं. मी आत्याला हाताला धरून आत नेलं. ती बसली नाही. चारी बाजूंनी हात फिरवला, मग खाली बघू लागली.

"मेढ कुठं रोवायची?"

"मेढ नाहीये आत्या. खड्डाच करायचा नाही. आपण गेल्यावर इथं कुणी होतं हे कळणार पण नाही." मी हे अभिमानानं सांगितलं.

तिनं पदराची गाठ सोडली. आत मूठभर तांदूळ होते. खोप उभारताना पहिल्या मेढीच्या खड्ड्यात तांदूळ टाकायचे, मग मेढ. ते तिनं घरूनच बांधून आणले होते.

"कलनार पन नाय?" ती म्हणाली. "मग आपन होतो, ता कोनाला कलायचा?"

तांदळाचं मी मानत नाही. बाबांच्या पत्रकांत असल्या गोष्टींची टिंगलच असायची. पण त्या क्षणी मला माझ्याच पत्रकाचा राग आला. ओरखडा नको, हे मी कुणाला सांगत होते? डोंगर फोडून खाडीत ओतणारे माझ्या टेबलापाशी वाचायला आले नव्हते. ज्यांचे चार खड्डेसुद्धा शिल्लक राहिले नाहीत, त्यांनाच मी बजावत होते की खूण ठेवू नका.

मी डब्याचं झाकण घेतलं. "कुठं, दाखव."

बांधाचं वळण आणि पाण्याची वाट बघत तिनं बोट ठेवलं. ओल्या मातीत मी वीतभर खड्डा केला. तिनं तांदूळ टाकले. मेढ नव्हतीच, म्हणून ती स्वतः त्याला लागून बसली, गुडघा त्यावर ठेवून. मग आम्ही भाकरी खाल्ली. वारा आला की घर श्वास घेतल्यासारखं हलायचं. दुपारी हवा सोडायला मी झडपांना हात लावला तर आत्या म्हणाली, "थांब ना. घाई काय हाय?" मी थांबले. नंतर तिनंच सांगितलं, "सोड आता."

काही आठवड्यांत तिथं भराव पडला. आता गॅलरीतून सपाट लाल मुरूम दिसतो. सोसायटीच्या गच्चीवर घर फुगवूया, असं मी आत्याला म्हटलं.

"नको. तयं खाली आपला काय हाय?"

घर माळ्यावर गोणीत आहे. वापरून झालं की धुवायचं, सुकवायचं, मग घडी घालायची, हाही माझाच नियम. मी ते धुतलेलं नाही. कधी कधी आत्या मला गोणी खाली काढायला लावते, घडी उलगडते आणि खाजणातल्या वाळलेल्या चिखलावर बोट ठेवून बसते. खपली निघायला लागली की बोट उचलते.